सात मिनिटं, दहा सेकंद

जुन्या काळी सबनीस म्हणजे लष्कराच्या हजेरीपटाचा कारभारी. चारुदत्त सबनीसांच्या घराण्यातली ती हजेरी कधीच सुटली होती. आजोबा शाळामास्तर झाले, वडील पोस्टात चिकटले. पण हा एक वंशज पुण्याहून समुद्र ओलांडून शारजाला गेला आणि औद्योगिक क्षेत्रातल्या एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून पुन्हा हजेरीपटापाशीच येऊन बसला. नशिबात असतं ते चुकत नाही म्हणतात, ते असं.

कारखान्यात खिडक्या आणि दारांच्या चौकटी बनत. तीनशे दहा माणसं होती. फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत पंचिंग मशीन, आणि मशीनशेजारी सबनीस. सातला भोंगा व्हायचा. सात वाजून सात मिनिटांपर्यंत माफ, आठव्या मिनिटाला अर्धा तास कापला जायचा. नियम कंपनीचा होता, पण लोक तो सबनीसांचा आहे असं धरून चालत, आणि एकोणीस वर्षांत सबनीसांनी तो गैरसमज दूर करायची तसदी घेतली नाही. त्यांना तीनशे दहा माणसांची नावं ठाऊक नव्हती. नंबर ठाऊक होते. नंबरवरून ते त्या माणसाचा चेहरा, गाव आणि खोकला सांगू शकत, पण नाव विचारलं की कपाळाला आठ्या पडत.

छायाचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, धाकटा भाऊ राजाभाऊ. मॅनेजरच्या हातापाया पडून सबनीसांनी त्याच्यासाठी व्हिसा काढला होता. पहिल्याच महिन्यात त्याची बस चुकली आणि तो सात वाजून नऊ मिनिटांनी आला. सबनीसांनी लाल शाईने लिहिलं, '१८८ – उशीर', आणि अर्धा तास कापला. पगाराच्या दिवशी राजाभाऊ खोलीच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "दाजी, कापलंत त्याचं काही नाही. पण एकशे अठ्ठ्याऐंशी काय लिहिता? मला नाव आहे ना." आठ महिन्यांनी तो परत गेला. दिवाळीला त्याचं कार्ड येतं, पाकिटावर फक्त बहिणीचं नाव असतं.

असा माणूस खेळाच्या वाटेला जाईल कशाला? ज्या गावाचं नाव क्रिकेटमुळे जगाला कळलं, त्या गावात एकोणीस वर्षं राहून सबनीसांनी स्टेडियमचं दार ओलांडलं नव्हतं. पुण्याहून लोक पाससाठी फोन करत, तेव्हा त्यांना उलट राग येई. मॅच असली की कारखान्यात तापाची साथ यायची. चाळीस चाळीस माणसं एकाच दुपारी तापाने फणफणायची आणि दुसऱ्या दिवशी घसा बसलेल्या अवस्थेत कामावर यायची. सबनीस सगळ्यांचा दिवस कापत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एवढी माणसं एवढा घाम गाळतात, आणि संध्याकाळी माल किती निघतो? काही नाही. चेंडू ज्या पिशवीतून आणला त्याच पिशवीत परत जातो.

आणि त्यांच्याच पोटी अंकुर जन्माला आला, ज्याला चालायला लागल्यापासून जे दिसेल त्याला लाथ मारायची सवय होती. अंकुर दोन वर्षांचा असताना छाया त्याला घेऊन शारजाला आली. सबनीस पहाटे पावणेसहाला कंपनीच्या बसने निघत, आठ-साडेआठला परतत. शुक्रवारी सुट्टी, पण शुक्रवारी आठवड्याच्या ओव्हरटाइमचे तक्ते जेवणाच्या टेबलावर पसरलेले असत. मुलगा त्यांनी बहुतेक आडवाच पाहिला. दर वर्षी पलंगावर त्याची लांबी वाढत गेली, एवढं त्यांच्या लक्षात होतं. अठराव्या वर्षी तो अल ऐनच्या एका कॉलेजात गेला, होस्टेलवर राहू लागला, आणि मग तो आडवाही दिसेना.

कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये तो पहिल्या वर्षापासून होता. दर वर्षी एप्रिलच्या आसपास आंतरकॉलेज स्पर्धा असे आणि दर वर्षी अंकुर फोनवर आईला सांगे, "आस्क बाबा टू कम." या वर्षी, म्हणजे २००१ साली, त्यांची टीम फायनलला पोचली होती. गुरुवारी संध्याकाळी सबनीस बूट काढत होते तेव्हा छाया समोर येऊन बसली. ती एका भारतीय शाळेत मराठी आणि हिंदी शिकवायची. मुद्दे ओळीने मांडायची तिला सवय होती.

"अहो, उद्या अल ऐनला जायचंय तुम्हाला."

"उद्या शीट्स आहेत."

"पहिल्या वर्षी स्टॉक-टेकिंग होतं. दुसऱ्या वर्षी ऑडिट. गेल्या वर्षी तुम्हाला पाठदुखी होती. जूनमध्ये त्याचा स्टुडंट व्हिसा खलास, जुलैत तो मेलबर्नला. मग काय बघणार? फोटो?"

"अगं, मला त्यातलं काही कळत नाही."

"कळायला कोण सांगतंय? बघायचं. बापाने बघितलं, एवढंच हवंय त्याला. चार वर्षं मागतोय."

"मग तूही चल."

"मी दोनदा जाऊन आले. मी आले तर तुम्ही मला बघायला बसवाल आणि गाडीत झोपाल." ती उठली. "मुनीरभाईंशी बोललेय मी. जुम्म्याची नमाज झाली की निघताय. येताना त्याला घेऊन या, दोन दिवस राहील."

सबनीसांचे पाय दिवसभर सिमेंटवर उभे राहून सुजले होते. वाद घालायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती नव्हती. ते बरं म्हणाले.

मुनीर हा रत्नागिरीकडचा. औद्योगिक क्षेत्रातच त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. सबनीस पाच वेळा ड्रायव्हिंग टेस्टला बसले आणि पाच वेळा नापास झाले होते. शेवटच्या वेळी तर परीक्षकाने गाडी थांबवून स्वतः उतरून घेतलं होतं. त्यामुळे लांब कुठे जायचं तर मुनीरचा पिकअप. मुनीरचा मुलगा फैज अंकुरच्याच टीमचा गोलकीपर होता, त्यामुळे मुनीरला फायनल म्हणजे घरचं कार्य होतं. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, मागच्या सीटवर बायकोने, मरियमबीने, दिलेला डबा.

"मॅच किती वाजता?" सबनीसांनी गाडीत बसताच विचारलं.

"असरच्या नमाजनंतर."

"म्हणजे किती वाजता?"

"असर झाली की."

"मुनीर, वेळ सांग."

"अरे चारूभाऊ, तीच वेळ," मुनीर म्हणाला आणि त्याने गाडी हायवेला घातली.

वाळवंटात दोन्हीकडे तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे लालसर वाळू. सबनीस डुलक्या घेत होते. डोकं काचेवर आपटलं की जागे व्हायचे, घड्याळ बघायचे, पुन्हा डोळे मिटायचे. पेट्रोल पंपावर मुनीरने चहा घेतला. "दिरहमचा चहा, म्हणजे तेरा रुपये," सबनीस सवयीने म्हणाले आणि चहात साखर ढवळत बसले. आपण फार थकलो आहोत, असं त्यांना वाटलं. एका शुक्रवारचं हे थकणं नव्हतं, बरंच जुनं होतं.

अल ऐनला पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. कॉलेजचं मैदान हिरवं होतं आणि त्याच्या भिंतीपलीकडे खजुराची बाग होती. मुनीर नमाज पढून आला. तोवर सबनीस बाकावर बसून समोर पळणाऱ्या निळ्या जर्सीतल्या पोरांत अंकुरला शोधत होते. एवढ्या लांबून सगळे एकसारखेच दिसत. मग त्यांना तो सापडला. मानेवर रुळणारे केस. दीड महिन्यापूर्वी अंकुर घरी आला होता तेव्हा या केसांवरून त्यांनी त्याला बोलून घेतलं होतं. जर्सीवर सात नंबर होता. पोरगा बरा पळत होता. सबनीसांनी हात वर केला, पण तिकडून काही उत्तर आलं नाही.

तेवढ्यात मैदानाच्या कडेच्या टेबलापाशी गडबड सुरू झाली. रेफ्री होते उस्ताद इद्रीस, कॉलेजचे खेळशिक्षक, सुदानचे उंच गृहस्थ. त्यांचा वेळ मोजणारा माणूस आला नव्हता. त्याच्या मुलीला ताप होता म्हणे. सबनीसांना त्या तापावर विश्वास ठेवणं जड गेलं. मुनीर मात्र उठला, आणि सबनीस नको नको म्हणेपर्यंत टेबलापाशी पोचलाही.

"सर, माय फ्रेंड. नाइन्टीन इयर्स टाइमकीपर. बिग फॅक्टरी."

लाल जर्सीवाल्या कॉलेजच्या शिक्षकाने हरकत घेतली. हा माणूस निळ्या टीमपैकी कोणाचा तरी बाप आहे, असं त्याला कळलं होतं.

"सर," मुनीर म्हणाला, "वाइफ्स ब्रदर, सेम फॅक्टरी, टू मिनिट्स लेट. ही कट हिज सॅलरी. ओन वाइफ्स ब्रदर."

उस्ताद इद्रीस सबनीसांकडे बघून हसले आणि त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच अडकवलं. "खलास. धिस इज माय मॅन."

काम सोपं होतं. खेळ थांबला की उस्ताद हात वर करणार, तेव्हा स्टॉपवॉच सुरू करायचं. हात खाली आला की बंद. हाफ संपताना किती वेळ वाया गेला ते सांगायचं. सबनीसांनी खिशातून डायरी आणि पेन काढलं, उभ्या रेघा मारल्या, डावीकडे घड्याळाची वेळ, मध्ये कारण, उजवीकडे मिनिटं-सेकंद. खुर्ची मिळाल्यामुळे पायांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर सगळ्या अंगालाच बरं वाटलं. इथे कसं बसायचं आणि कुठे बघायचं हे आता त्यांना कळलं होतं.

पहिला हाफ सव्वाचारला सुरू झाला. सबनीसांची नजर उस्तादांच्या हातावर. हात वर, बटण. हात खाली, बटण, मान खाली, नोंद. अधूनमधून एखादा क्षण मिळाला की ते मोकळ्या केसांच्या सात नंबरला शोधत. एकदा तो पडला तेव्हा ते खुर्चीतून अर्धवट उठले. तो उठला, गुडघा झटकला आणि पळाला. चिवट आहे, सबनीसांना वाटलं. आईवर गेलाय.

चाळीस मिनिटं झाल्यावर उस्तादांनी लांबून बोटांनी विचारलं, किती? सबनीसांनी दोन बोटं दाखवली. आणि काय आश्चर्य, ती दोन मिनिटं खरोखर आणखी खेळवली गेली. मध्यंतरात त्यांनी उस्तादांना पुन्हा विचारून खात्री करून घेतली. वाया गेलेला वेळ शेवटी परत देतात? कोणाच्याही चुकीने गेला असला तरी? उस्ताद म्हणाले, ऑफ कोर्स. सबनीस पाणी प्यायले आणि बराच वेळ हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं ते मिनिटं कापत आले होते. कापलेली मिनिटं परत मिळण्याची सोय जगात कुठेतरी असते, हे त्यांना एक्कावन्नाव्या वर्षी कळत होतं, तेही पोरांच्या खेळात. निळी पोरं तेव्हा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गवतावर पडली होती. तिथपर्यंत जाऊन यायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण टेबल सोडून कसं जाणार?

दुसरा हाफ पाच वाजून पाच मिनिटांनी सुरू झाला. दहाव्या मिनिटाला एक लाल खेळाडू पाय धरून लोळला. त्याला उचलून बाहेर न्यायला तीन मिनिटं गेली. हात खाली आला, सबनीसांनी बटण दाबलं, मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. '५.१५ – जखमी – ३ मि. ५ से.' आकडा नीट उमटला नाही म्हणून पेन झटकलं, शाई नीट आल्याची खात्री केली, मग खालच्या ओळीच्या रेघा आखल्या. तेवढ्यात सगळं मैदान एकदम ओरडलं. त्यांनी मान वर केली तोवर निळ्या पोरांचा एक ढीग झाला होता, आणि ढिगाखाली कोण होतं ते कळायला मार्ग नव्हता. उस्तादांचा हात वर होता. सबनीसांनी बटण दाबलं.

"ब्लू, फोर्टीन," उस्ताद टेबलाकडे ओरडले.

सबनीसांनी लिहिलं, '५.१९ – गोल – नं. १४.' ढीग सुटायला पन्नास सेकंद लागले. तेही त्यांनी लिहिलं. पलीकडच्या बाकांवर मुनीर दोन्ही हात वर करून नाचत होता आणि टेबलाकडे बघून काहीतरी खुणा करत होता. सबनीसांनी मान डोलावली. आपली टीम पुढे आहे, हे त्यांनाही कळलं होतं.

मग निळ्या पोरांनी जे केलं ते कारखान्यात सबनीसांनी हजार वेळा पाहिलं होतं. वेळ काढणं. चेंडू भिंतीपलीकडे खजुराच्या बागेत गेला तो आणायला एक पोरगा टंगळमंगळ करत गेला, दोन मिनिटं. फैज गोलसमोर वाकून बुटाची नाडी बांधू लागला. मग दुसऱ्या बुटाची. मग पुन्हा पहिल्या. सव्वा मिनिट. उस्ताद दर वेळी हात वर करत आणि सबनीस दर वेळी बटण दाबत. पावणेसहाला उस्तादांनी वळून बघितलं.

स्टॉपवॉचवर सात मिनिटं दहा सेकंद होते.

सबनीसांनी समोर पाहिलं. मुनीर रेषेपर्यंत धावत आला होता आणि छातीजवळ दोन बोटं धरून त्यांना दाखवत होता. दोन. पोरं कंबरेवर हात ठेवून धापा टाकत होती. सात नंबरचा वाकला होता, केस तोंडावर आले होते. दोन म्हटलं तर कोणी विचारणार नव्हतं. पहिल्या हाफमध्येही दोनच होती. अंकुरची शेवटची मॅच. चषक घेऊन तो समोर येईल, घरी जाताना गाडीत हसत बसेल, चार वर्षांचं एका संध्याकाळी फिटेल. सबनीसांना ते फार हवं होतं. किती हवं होतं ते त्यांना त्याच क्षणी कळलं.

मग त्यांना दारात उभा असलेला राजाभाऊ आठवला. मेव्हण्याचा अर्धा तास कापणारा माणूस आज मुलासाठी पाच मिनिटं लपवणार असेल, तर तो अर्धा तास कशासाठी कापला होता? नियम म्हणून नक्कीच नाही. मग तो नुसता दुष्टपणा झाला, एकोणीस वर्षांचा.

सबनीसांनी सात बोटं दाखवली.

लाल टीमने पाचव्या मिनिटाला एक गोल केला आणि सातवं मिनिट संपायला वीस सेकंद असताना दुसरा. दुसऱ्या वेळी फैज जमिनीवर पालथा पडला आणि बराच वेळ उठला नाही. शिट्टी वाजली. लाल पोरं नाचली, चषक आला, फोटो निघाले. उस्ताद इद्रीसांनी येऊन सबनीसांचा हात दोन्ही हातांत धरला आणि अरबीत काहीतरी म्हणाले. सबनीसांना त्यातलं 'इन्शाल्ला' एवढंच कळलं. मुनीर टेबलाकडे आलाच नाही. तो सरळ गाडीकडे गेला.

सबनीस खुर्चीतच बसून राहिले. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं होतं. कागदाला कागद आहे, एक एक सेकंद लिहिलेला आहे, मी माझ्या मनाने काही वाढवलेलं नाही. मोकळ्या केसांचा सात नंबर मैदानातून त्यांच्याच दिशेने येत होता. सबनीस उठून उभे राहिले. तो पोरगा जवळ आला, त्यांच्याकडे ओझरतं बघून अरबीत मित्राला हाक मारत पुढे निघून गेला. चेहरा भलताच होता. गोरा, घारा, कुठल्या तरी दुसऱ्याच आईबापाचा.

"बाबा."

मागे एक बारीक केस कापलेला, गुडघे सोललेला मुलगा खांद्यावर जर्सीवरून टॉवेल टाकून उभा होता. ओळखायला सबनीसांना एक क्षण लागला. तो क्षण अंकुरने पाहिला की नाही, कळलं नाही.

"केस कापलेस?"

"लास्ट वीक. आईला सांगितलं होतं."

"अंकुर, हे बघ, सात मिनिटं दहा सेकंद होती. मी एक सेकंद—"

"बाबा, सेवन वॉज राइट. आय वॉज काउंटिंग टू. फैजने नाडी बांधायला नको होती." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. तो दमला होता, पण रागावलेला दिसत नव्हता. तोंडावर काहीतरी वेगळंच होतं, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना असायचं तसं. "डिड यू सी इट?"

"काय?"

"द गोल."

"सगळं लिहिलंय मी," सबनीस घाईने म्हणाले आणि त्यांनी डायरी त्याच्यापुढे धरली. इथे तरी आपण कमी पडलो नाही, असं त्यांना वाटत होतं. "हे बघ. पाच एकोणीस. गोल. नंबर चौदा."

अंकुरने ती ओळ वाचली. बापाचं अक्षर सुरेख होतं, अगदी छापल्यासारखं.

"ओके," तो म्हणाला.

तो बॅग उचलायला वळला, तेव्हा टॉवेल सरकला आणि पाठीवरचा नंबर दिसला. चौदा.

पिकअपमध्ये पुढे मुनीर आणि सबनीस बसले, मागे दोन्ही मुलं. फैज खिडकीला डोकं लावून डोळे मिटून होता. मरियमबीचा डबा कोणी उघडला नाही. अल ऐन मागे पडलं आणि उजेड पिवळा होत गेला, तेव्हा मुनीर एकदाच बोलला.

"दोन म्हणाला असतास तर काय गेलं असतं तुझं? तू काय वरून घेऊन आलास का ते घड्याळ?"

सबनीसांनी डायरी गुडघ्यावर उघडली. हजेरीपटाचा एक नियम असतो. चुकीची नोंद खोडून काढायची नाही, तिच्यावर गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं आणि शेजारी आपली सही. चूक झाली होती हेही पुढच्याला दिसलं पाहिजे. सबनीसांनी 'नं. १४' वर एक रेघ मारली. वर लिहिलं, 'अंकुर'. गाडी हलत होती, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं. शेजारी त्यांनी 'चा. स.' अशी सही केली.

"आता काय लिहितोस?" मुनीर म्हणाला. "मॅच संपली."

"मुनीर, तो गोल कसा झाला?"

मुनीरने रस्त्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "तू तिथेच होतास ना?"

"होतो. पण मी लिहीत होतो." हे त्यांनी मागे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. "मी पाहिला नाही. मी अख्खी मॅच दुसऱ्याच एका मुलाकडे बघत होतो. केस लांब होते त्याचे."

मुनीरचा राग अजून उतरला नव्हता, पण गोल सांगायला मिळणं ही गोष्ट रागापेक्षा मोठी होती.

"कॉर्नर होता," तो म्हणाला. "उजवीकडून. पोराने असा वर टाकला बॉल." त्याने स्टिअरिंगवरचा एक हात सोडला. "सगळे लालवाले पुढे धावले, आणि तुझा पोरगा मागून आला. मागून, कोणाचं लक्ष नसताना. आणि उडाला. अरे काय उडाला, चारूभाऊ. डोक्याने असा मारला, सीधा अंदर."

अंकुर सीटवर पुढे सरकून बसला.

"चाचा, इट वॉज फ्रॉम द लेफ्ट," मागून अंकुर म्हणाला.

"लेफ्ट तर लेफ्ट."

"अँड नॉट हेड." मग तो मराठीत म्हणाला, "डोक्याला लागलाच नाही. खांद्याला लागून गेला. सगळ्यांना वाटलं हेडर आहे, मी पण काही बोललो नाही."

फैजने डोळे उघडले. मुनीर मोठ्याने हसला. सबनीसांचा हात आपोआप पेनाकडे गेला.

"बाबा, डोन्ट राइट इट."

सबनीसांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. डायरी मिटली. मग सीटवरून वळून, पाठीत कळ आली तरी वळून, त्यांनी विचारलं, "कुठला खांदा?"

अंकुरने जर्सी बाजूला सरकवून डावा खांदा पुढे केला. हाडावर लाल वळ उठला होता. बाहेरचा उजेड अजून पुरेसा होता आणि शारजा शंभर किलोमीटर लांब होतं. मान अवघडली तरी सबनीस बघत राहिले.